पितृपक्षातलं लग्न

"ताई, ह्यो नवरदेव हाय का फौजदार?" बापू मगदूम माझ्या कानाशी कुजबुजले. कुजबुजले म्हणजे त्यांच्या मानाने. मांडवातल्या निम्म्या लोकांनी ते ऐकलं.

समोर आमच्या दिग्दर्शिकेनं, गार्गीनं, आठव्यांदा "कट" म्हटलं होतं. निषाद केळुसकर मुंडावळ्या बांधून, छाती फुगवून उभा होता आणि नवरीच्या नावाचा उखाणा असा घेत होता, की वाटावं आत्ता तिला बेड्या घालून चौकीवर नेतोय.

"बंद दार उघडलं, उंबऱ्यावर पाऊल, वैजयंतीचं नाव घेतो, उजाडल्याची चाहूल!"

ओळी गोड होत्या हो. पण त्यानं आवाज असा खाली नेला होता, की उजाडायच्या ऐवजी ग्रहण लागल्यासारखं वाटलं. भोवतीच्या वऱ्हाडानं ठरल्याप्रमाणे "ऐकू आलं नाही, परत घ्या!" असा गलका करायचा होता. तो त्यांनी केला, पण त्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "नको बाई, परत नको." तेही माइकवर आलं.

मी त्या सिनेमात नवरदेवाची आई. आता आई म्हणजे मी कायमचीच. त्रेचाळीस सिनेमांत आई झाले, स्वतःच्या पोटी एकच मुलगी. सेटवर लहानथोर सगळे मला कुमुदताई म्हणायचे, एकटा निषाद म्हणायचा "मातोश्री". ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. सांगलीजवळचं एक मंगल कार्यालय आम्हाला दोन दिवसांसाठी मिळालं होतं आणि मिळालं होतं ते पितृपक्ष होता म्हणून. नाहीतर कार्यालय रिकामं कशाला सापडतंय! शूटिंगचा पहिला दिवस, पहिला प्रसंग लग्नाचा, आणि बाहेर घराघरांच्या गच्चीवर कावळ्यांना पानं वाढलेली. मंगलाष्टका रंगात आल्या की कावळे ओरडायचे. साउंडवाला कपाळावर हात मारून घ्यायचा.

निर्माते बापू मगदूम तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. माणूस मोठा दिलदार, पण शकुन-अपशकुन भयंकर मानणारा. पितृपक्षात लग्न उभं करायचं म्हटल्यावर त्यांनी सेटवर नारळांचं पोतंच आणलं होतं. सकाळी दोन नारळ फोडून झाले, तिसरा नासका निघाला. झालं! तेव्हापासून ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि दर टेकनंतर माझ्या कानाशी कुजबुजत होते.

आणि त्यांची खरी धास्ती नारळाची नव्हती, निषादची होती.

निषाद आधी मालिकांमधला लाडका हिरो. घरोघरच्या सासवा म्हणायच्या, जावई असावा तर असा. या शूटिंगच्या दोन वर्षं आधी एका मुलाखतीत त्याला विचारलं, लग्न कधी? तो सरळ म्हणाला, "माझं लग्न झालंय असंच समजा. घरात आम्ही दोघं आहोत, आणि तोही पुरुष आहे. मी गे आहे." जोडीदाराचं नाव मात्र त्यानं सांगितलं नाही, कारण तो एका शाळेत भूगोल शिकवायचा आणि शाळेत अजून कुणाला माहीत नव्हतं. निषाद सगळीकडे त्याला "मास्तर" म्हणायचा, म्हणून आम्हीही मास्तर म्हणायचो.

मुलाखत वाचून मी त्याला फोन केला. म्हटलं, "मेल्या, सून म्हणू की जावई ते नंतर ठरवू. चहाला कधी बोलावतोस?" तर पोरगं फोनवर रडलंच. तेव्हाच मला कळलं की फोन करणारी मी बहुधा पहिलीच.

मग कामं आटली. मालिकेतल्या हिरोला एका रात्रीत परदेशी पाठवलं, तो काही परत आला नाही. सिनेमावाले बोलवायचे ते हिरोच्या मित्राच्या कामासाठी. "जरा हात हलवत बोलायचं, लचकत चालायचं, लोक हसतील." निषादनं एकाला सांगितलं, "साहेब, मी घरी हात हलवतो तो फक्त डास मारायला." तेही काम गेलं. वर शहाणे सांगायला मोकळे, की कशाला बोललास, गुपचूप राहायचं होतंस. अरे, पण ताकाला जाऊन भांडं किती वर्षं लपवायचं माणसानं?

गार्गीनं मात्र हट्ट धरला. नवरदेव निषादच, नाहीतर सिनेमा करत नाही. बापू कसेबसे तयार झाले. आणि आज पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रसंगात, फौजदार!

"जेवायची सुट्टी!" गार्गी ओरडली.

बापूंनी मला बाजूला घेतलं. "ताई, माझ्या मनात तसलं काय न्हाई हो. पोरगं गुणाचं हाय. पर सौद्याला गेलो की समदी इचारत्यात, बापू, तुजा हिरो बायकूवर पिरेम करनार कसा? उद्या थेटरात लोक हसाय लागली तर? मला तोंड दाखवाय जागा राहनार न्हाई. पुण्यातला एक हिरो तयार बसलाय. चारला हितलं ऊन जातंय. चारपर्यंत मला पटलं तर ठीक, न्हाईतर त्येला फोन करतो. गार्गीबाईंना रागवू दे मग."

"अहो, एका उखाण्यावरून?"

"उखाण्यातच तर कळतं. नाव घेताना मानूस खोटं बोलू शकत न्हाई. मी माज्या लग्नात अडकलो हुतो. ही मला म्हनली, राहू द्या, मला कळलं." बापू क्षणभर लाजले. साठीचा माणूस, पण लाजला.

मी मेकअपच्या खोलीत गेले. निषाद मुंडावळ्या कपाळावर सारून आरशासमोर बसला होता. जेवणाला हात लावला नव्हता.

"काय रे, काय चाललंय तुझं? हा उखाणा आहे की अटक वॉरंट?"

"मातोश्री, मला माझे हात दिसतायत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"समोर बापूंची सगळी पाहुणेमंडळी बसलीयेत. मी बोलायला लागलो की सगळ्यांची नजर माझ्या हातांवर. हात हलला तर म्हणणार, बघा. मान वळली तर म्हणणार, बघा. मग मी हात आवळतो, मान आवळतो, आवाज खाली नेतो. ऋजुताच्या डोळ्यांत बघायला वेळच उरत नाही." ऋजुता म्हणजे आमची नवरी. बिचारी आठ टेक लाजून लाजून दमली होती. "मी आधी पन्नास वेळा हिरोचं प्रेम केलंय, मातोश्री. सहज केलंय. आता सगळे बघतायत की मी कसा करतो, आणि मीही बघतोय. हे काम गेलं तर संपलंच. मग आयुष्यभर डास."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून चारच्या आत काय होणार होतं? मी म्हटलं, "आधी खा काहीतरी. उपाशीपोटी कुणी नवरदेव झालाय का?"

"भूक नाही. तुम्ही घ्या. मास्तरनं गुळपापडीच्या वड्या दिल्यात सगळ्यांसाठी." त्यानं बॅगेतून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. मी झाकण उघडायला गेले आणि माझी नजर त्या झाकणावर पडली. हात तिथंच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. एक वडी तोंडात टाकली. "गूळ छान लागलाय." आणि तशीच उठले.

बापू मांडवाबाहेर कावळ्यांकडे बघत उभे होते. मी चेहरा गंभीर केला. पन्नास वर्षं अभिनय केलाय बाई, तो कधी उपयोगी पडायचा?

"बापू, चूक सापडली."

"कसली?"

"नवरीच्या नावात दोष आहे. पितृपक्षात लग्न लावायचं तर नवरीचं जुनं नाव उच्चारायचं नसतं. माहेरचे पितर हाक ऐकतात आणि अडून बसतात. म्हणून तर नारळ नासका निघाला."

बापूंचे डोळे मोठे झाले. "आरं तिच्या! हे मला कुनीच बोललं न्हाई."

"जुनं शास्त्र आहे. आता कोण पाळतंय? पण उपाय सोपा आहे. लग्नात नवरीचं नाव बदलतातच की आपल्याकडे. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि त्या नव्या नावानं उखाणा घ्यायचा. दोष गेला!"

"मग नवं नाव कुठलं घ्यायचं?"

मी आकाशाकडे बघून विचार केल्यासारखं केलं. "उखाण्यात उजाडतंय ना? मग वैजयंती काय कामाची? किरण ठेवा. उजाडलं की पहिला कोण येतो? किरणच!"

"किरन!" बापूंनी मांडीवर थाप मारली. "लई ब्येस. मी तांदूळ मागवतो."

आता राहिली गार्गी. ती ऐकताच भडकली. "कुमुदताई, माझ्या सिनेमात बाईचं नाव नवरा बदलणार? मी मरून जाईन, पण हे करणार नाही." तिचंही बरोबरच होतं. माझं माहेरचं नाव कावेरी. सासरी कुणी तरी तांदळात कुमुद लिहिलं आणि कावेरी तिथंच संपली. पण मी तिला कोपऱ्यात ओढलं आणि कानात एक वाक्य सांगितलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मेकअपच्या खोलीच्या दाराकडे, मग परत माझ्याकडे.

"त्याला माहितेय हे?"

"अजिबात नाही. आणि सांगायचंही नाही."

गार्गीनं पेन काढून तिथल्या तिथं एक संवाद वाढवला. नवरी म्हणते, "नाव बदलायचं तर मी माझ्या आवडीचं निवडणार," आणि नवरदेवाच्या कानात सांगते, आणि तो लिहितो. तेवढ्यानं तिचंही समाधान झालं. हुशार पोर.

साडेतीन वाजले. ऊन खिडकीतून तिरकं मांडवात आलं होतं. ताटात तांदूळ पसरले. बापूंची पाहुणेमंडळी खुर्च्यांवर सरसावून बसली. निषादला कुणी काही नीट सांगितलंच नव्हतं. "नवरी कानात नाव सांगेल, ते लिही आणि त्याच नावानं उखाणा घे," एवढंच. तो आला तसाच छाती फुगवून. मी त्याच्या आईच्या जागी, त्याच्या समोर.

"ॲक्शन!"

ऋजुता झुकली, त्याच्या कानात बोलली.

निषादचं बोट तांदळावर टेकलं आणि थांबलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आपला पदर नीट केला. त्यानं परत खाली बघितलं. अंगठीनं हळूहळू तीन अक्षरं लिहिली.  'ण' लिहून झाल्यावर त्यानं ते नाव एकदा बोटानं नुसतं गिरवलं. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"नाव घ्या, नाव घ्या!" वऱ्हाड ओरडलं.

तो उभा राहिला. हात कुठं होते, मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसणार. एक हात उचलून त्यानं डोळे पुसले, उघडपणे, आणि हसला. आवाज त्याचा नेहमीचा, हलका, थोडासा घोगरा.

"बंद दार उघडलं, उंबऱ्यावर पाऊल..." आणि इथं तो थांबला. ते नाव इतक्या माणसांत उच्चारायची सवय नसल्यासारखा थांबला. "किरणचं नाव घेतो, उजाडल्याची चाहूल."

 वऱ्हाडानं "ऐकू आलं नाही" म्हणायचं होतं, ते सगळे विसरले. ऋजुताच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. आणि काय सांगू, बाहेरचा एकही कावळा ओरडला नाही.

"कट," गार्गी म्हणाली, पण अगदी हळू.

मी बापूंकडे बघितलं. बापूंनी टोपी काढून डोळ्यांवर धरली होती. "ताई," ते टोपीतूनच बोलले, "पुन्याला फोन करू नका म्हनावं कुनी." फोन करणारे तेच होते, पण असो. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बगितलं का? नवं नाव ठेवलं, दोष गेला! शास्त्र हाय ते!"

निषाद माझ्यापाशी आला आणि वाकून पाया पडला. पडद्यावरच्या आईच्या पडतात तसा नाही.   आणि डबा त्यानं मलाच देऊन टाकला, वड्यांसकट.

सिनेमा चालला. चालला म्हणजे धो धो चालला. हसेल म्हणून बापू ज्या पब्लिकला घाबरत होते, ते उखाण्याच्या जागी शिट्ट्या मारायचं. त्या वर्षी सांगली-कोल्हापूरकडच्या लग्नांमध्ये नवरदेव नाव बदलून तोच उखाणा घ्यायचे. सगळं जग बदललं असं नाही हं. त्यानंतरही दोघा निर्मात्यांनी निषादला करारावर सही करून नाकारलं. पण हात हलवायचं काम घेऊन त्याच्याकडे परत कुणी आलं नाही.

शंभर दिवस झाले तेव्हा बापूंनी सांगलीच्या नाट्यगृहात मोठा समारंभ केला. मी पहिल्या रांगेत, बापूंच्या शेजारी. फेटे, हारतुरे, भाषणं झाली आणि निवेदकानं निषादला आग्रह केला, "तो उखाणा होऊन जाऊ दे!"

निषाद माइकपाशी आला. "त्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर घेतला होता," तो म्हणाला. "आज ज्याचं नाव आहे, तो समोर बसलाय. काल तो शाळेत मुख्याध्यापकांना सगळं सांगून आलाय आणि मला म्हणालाय, आता घे. म्हणून घेतो."

आणि त्यानं तिसऱ्या रांगेकडे बघून उखाणा घेतला. तोच, तसाच. हात मोकळे सोडून.

तिसऱ्या रांगेत बुशशर्ट घातलेला, कानशिलावर पांढरं झालेला एक गृहस्थ लाल होऊन बसला होता. आठशे माणसांचं नाट्यगृह, सगळ्या माना त्याच्याकडे वळलेल्या.

बापू माझ्याकडे वळले. "ताई, ते मास्तर न्हवं?"

"हो."

"त्यांचं नाव काय वो?"

"किरण. किरण सदाशिव पाटणकर. डब्याच्या झाकणावर कोरलेलं होतं, त्या दिवशी मी वाचलं."

बापूंनी खुर्चीच्या हातांवर हात टेकले.   म्हटलं, आता हा माणूस उठून जाणार आणि आठशे लोकांसमोर माझ्या पोराची शोभा होणार.

"म्हंजी ते पितृपक्षाचं शास्त्र?" त्यांनी विचारलं.

"थाप होती, बापू."

"पितर अडून बसत्यात ते?"

"तीही."

"आन मी टोपीत रडलो ते?"

"ते खरं होतं," मी म्हटलं. "नाव घेताना माणूस खोटं बोलत नाही, हे तुम्हीच म्हणाला होता."

बापूंनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, डोळ्यांवरून फिरवला. मग उभे राहिले. फेटा नीट केला. स्टेजकडे नाही, मागे वळले. तिसऱ्या रांगेकडे.

"आवो मास्तर!" त्यांचा आवाज असा घुमला की माइकची गरजच नव्हती. "बसलाय काय नुसतं? एकट्यानं नाव घ्यायचं ही कुठली रीत? त्यांनी घेतलं, आता तुमी घ्या!"

आधी कुठं तरी एक हसू फुटलं. मग मागच्या रांगेतल्या बायका ओरडल्या, "नाव घ्या, नाव घ्या!" मग सगळं नाट्यगृहच. मास्तर उठले. आयुष्यभर वर्गासमोर बोललेला माणूस, पण पुढच्या खुर्चीची पाठ धरावी लागली. आणि अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हणाले,

"नकाशात दाखवल्या नद्या, नकाशात दाखवलं गाव, सगळ्यांसमोर घेतो आज निषादचं नाव."

"ऐकू आलं न्हाई!" बापू गरजले. "परत घ्या!"

खोटं बोलत होता मेला. चांगलं ऐकू आलं होतं त्यांना. रुमाल परत डोळ्यांवर गेला होता, मी शेजारीच तर बसले होते.